कोंड्याचा मांडा: चोथा, पेंड, व्हे वगैरे बेकिंगमध्ये वापरता का?

सायली_ओव्हनवाली
नमस्कार मंडळी. मी घरून मफिन्स, कुकीज आणि अधूनमधून ब्रेडच्या ऑर्डरी घेते. हल्ली दर दुसरं गिऱ्हाईक विचारतं, "यात हेल्दी काय आहे?" त्यात ओळखीतल्या एकाने सफरचंदाच्या रसाच्या कारखान्यातल्या चोथ्याची वाळवून दळलेली पूड आणून दिली. वास छान, रंग फिकट तपकिरी. चिमूटभर तोंडात टाकली की आधी आंबटगोड लागते आणि मग टाळ्याला जी चिकटते ती पाणी प्यायल्याशिवाय सुटत नाही. मफिनमध्ये मैद्याच्या जागी थोडी घालून पाहिली. ओलावा मस्त टिकला, पण फुगायचं नाव नाही.

तर प्रश्न असे: अन्न-उद्योगातला असा कुठला उरलासुरला माल बेकिंगमध्ये खरंच कामाचा आहे? किती घालावा? आणि हे सगळं खरोखर पौष्टिक असतं की नुसतंच पाकिटावर छापायला बरं? अनुभव असलेल्यांनी लिहा. अनुभव नसलेले लिहितीलच. :)

टवाळ_कार्टं
पहिला मी!
म्हणजे आता गायीच्या तोंडचा घासही आपणच पळवायचा आणि वर त्याला फॅन्सी पाकीट लावायचं? गायी संपावर गेल्या तर मी त्यांच्या बाजूने.

भट्टीवाला
बेकरीत उमेदवारी केलेला माणूस आहे, म्हणून ब्रेडपुरतं बोलतो.

यातला सगळ्यांत जुना भिडू म्हणजे गव्हाचा कोंडा. दाण्यात साधारण १४ टक्के कोंडा आणि अडीच टक्क्यांच्या आसपास अंकुर असतो. मैदा काढताना हे दोन्ही बाजूला पडतात. फायबर, लोह, ब जीवनसत्त्वं यांचा मोठा वाटाही त्यांच्याबरोबरच जातो. तो परत घातला की पौष्टिकता वाढते आणि पाव बसतो. कारणं तीन. पिठाला ताण देणाऱ्या ग्लूटेन या प्रथिनाचं प्रमाण कमी होतं, कोंड्याचे टोकदार कण पिठातल्या हवेच्या बुडबुड्यांना भोकं पाडतात, आणि कोंडा पाणी पितो ते पिठाच्या वाट्याचं.

म्हणून कोंडा कधीही कोरडा घालू नये. रात्रभर त्याच्या वजनाच्या दीड-दोनपट पाण्यात भिजवायचा, मग पिठात. भिजलेला कण मऊ पडतो आणि मळताना पाणी ओढत नाही. पिठाच्या १० टक्क्यांपर्यंत पाव मस्त येतो, १५ ला हात सांभाळून मळावं लागतं, त्यापुढे साच्यातला पाव म्हणून खपवावा.

तुमच्या मफिनचंही तेच झालं असणार. सफरचंदाच्या चोथ्यात पेक्टिन असतं, ते पाणी धरून बसतं. पाणी किंवा दूध वाढवलं होतं का?

सायली_ओव्हनवाली
नाही वाढवलं. पीठ घट्ट वाटत होतं खरं. पुढच्या वेळी पूड आधी दुधात भिजवून बघते. धन्यवाद भट्टीवाले!

शंकासूर
माझा आक्षेप त्या 'हेल्दी' शब्दालाच आहे. सरळ हिशोब करू. एका मफिनमध्ये मैदा धरा २५ ग्रॅम. त्यातला १० टक्के काढून चोथ्याची पूड घातली, म्हणजे अडीच ग्रॅम. पुडीत निम्मं फायबर धरलं तरी हाती आलं सव्वा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम फायबर सांगते. म्हणजे या मार्गाने जायचं तर दिवसाला वीस मफिन. त्यातली साखर आणि लोणी कोण मोजणार?

सफरचंद सालासकट खा की सरळ.

टवाळ_कार्टं
दिवसाला वीस मफिन? डॉक्टरसाहेब, हे चिठ्ठीवर लिहून द्याल का?

मळीचा_भुंगा
शंकासूर, हिशोब बरोबर आहे, पण लोक मफिन खाणारच आहेत. खाणारच असतील तर त्यात सव्वा ग्रॅम जास्त गेलं तर बिघडलं कुठे? तुम्ही तुलना सफरचंदाशी करताय, गिऱ्हाईक करतंय ती साध्या मफिनशी.

आता मूळ विषय. हे काही नवीन फॅड नाही. बेकिंगचा अर्धा डबा उपपदार्थांनीच भरलेला आहे, आपण विसरलोय एवढंच. ब्रेडचं यीस्ट कारखान्यात वाढवतात ते कशावर? मळीवर. साखरेचे स्फटिक काढून घेतल्यावर जो काळा, दाट पाक उरतो त्याच्यावर. जॅममधलं पेक्टिन येतं रस काढून उरलेल्या संत्र्या-लिंबाच्या साली आणि सफरचंदाच्या चोथ्यातून. आणि माझं सगळ्यांत लाडकं उदाहरण क्रीम ऑफ टार्टर. वाइन मुरत असताना पिंपाच्या आतल्या बाजूला खडे धरतात, ते खरवडून शुद्ध केले की झालं क्रीम ऑफ टार्टर. एकेकाळी बेकिंग पावडरमधलं आम्ल हेच असायचं. म्हणजे वाइनवाल्याचा कचरा केकवाल्याने उचलला आणि केक फुगवला.

लोणी काढल्यावरचं दूध, चीज केल्यावरचं पाणी म्हणजे व्हे, तेल काढल्यावरची पेंड, सगळं याच रांगेतलं.

ओव्हनबाहेर
क्रीम ऑफ टार्टरचं माहीतच नव्हतं! भुंगा, तुम्ही असे प्रतिसाद देता म्हणून या संस्थळावर येते.

प्रयोगवही
फूड टेक्नॉलॉजीत काम करते. धागा वाचून राहवलं नाही, थोडं लांबेल.

मला विचाराल तर खरा प्रश्न पौष्टिकतेचा नाहीच. माल कारखान्यातून बाहेर पडल्यापासून ओव्हनमध्ये जाईपर्यंत त्याचं काय होतं, हा आहे.

बियरच्या कारखान्यातला बार्लीचा चोथा घ्या. १०० लिटर बियरमागे साधारण २० किलो ओला चोथा निघतो. सुकवल्यावर त्यात जवळपास पाचवा हिस्सा प्रथिनं आणि निम्म्याच्या आसपास फायबर, म्हणजे माल सोन्यासारखा. पण निघतो तेव्हा तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, आणि गरम, ओला, थोडा गोड! उन्हाळ्यात एका दिवसात आंबतो. सोयादूध काढल्यावरच्या चोथ्याचं, म्हणजे ओकाराचं, हेच. उपपदार्थ वापरण्यातला निम्मा खर्च असतो तो लगेच वाळवण्याचा.

तांदळाच्या कोंड्याचं दुखणं वेगळं. दाणा सडला की कोंड्यातलं लायपेज हे एन्झाइम त्याच कोंड्यातल्या तेलावर तुटून पडतं. काही तासांत आम्लता वाढायला लागते, थोड्या दिवसांत खवट. म्हणून तो काढल्याबरोबर तापवून स्थिर करावा लागतो. तसा केलेला असेल तरच घ्या. गव्हाचा अंकुरही भाजून, थंडीत ठेवलेला हवा.

आणि पेंड. बाजारात जनावरांसाठी मिळते ती आणि माणसासाठी केलेली ती, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कधी तेल द्रावक वापरून काढलेलं असतं, कधी पोती उघड्यावर पडलेली असतात. शेंगदाण्याच्या पेंडीत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं आणि ते भाजून जात नाही. पाव बाहेरून कितीही खरपूस झाला तरी आत तापमान १०० अंशांच्या पुढे जात नाही, तेवढ्याने अफ्लाटॉक्सिनला काही होत नाही. सरकीच्या पेंडीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असतं. त्यामुळे "गायीला चालतं मग मला का नाही" हा युक्तिवाद कृपया नको.

टवाळ_कार्टं
गायीचा वकील या नात्याने विचारतो, तिला तरी का चालतं?

प्रयोगवही
@टवाळ, तिच्या पोटात सूक्ष्मजीवांची अख्खी टोळी आहे, ती गॉसिपॉल बऱ्याच अंशी निकामी करते. तरी तिलाही मर्यादा आहेच. अफ्लाटॉक्सिनचं तर तिच्या दुधातूनही थोडं आपल्याकडे परत येतं. म्हणून चाऱ्यालाही नियम असतात.

नवशिका_बेकर
माझा एक बावळट प्रश्न. त्या बियरच्या चोथ्याच्या बिस्किटांनी चढते का?

मळीचा_भुंगा
नाही हो. चोथा गाळून बाजूला काढतात तो यीस्ट टाकायच्या आधी. त्यात दारूचा थेंबही झालेला नसतो. निराश झाला असाल तर क्षमस्व.

गव्हाशी_वैर
बियरचा चोथा निघालाच आहे तर कळकळीने सांगते. मला सीलिअॅक आहे, म्हणजे ग्लूटेन अजिबात चालत नाही. बार्लीतही ग्लूटेन असतं. "यात गहू नाही, धान्याचा नुसता चोथा आहे, तुम्हाला चालेल" असं म्हणून एकाने मला क्रॅकर्स दिले होते. नशीब, खाण्याआधी विचारलं कसला चोथा.

उपपदार्थ वापरणाऱ्यांनी मूळ पदार्थाचं नाव ठळक लिहा. व्हे म्हणजे दूध, ओकारा म्हणजे सोया, तिळाची पेंड म्हणजे तीळ. 'वनस्पतिजन्य फायबर' एवढंच लिहून मोकळं होऊ नका. कोणाचा तरी जीव जाऊ शकतो.

सायली_ओव्हनवाली
@गव्हाशी_वैर, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. लेबलवर मूळ फळाचं, धान्याचं नाव नक्की घालणार.

हिरवी_कुकी
सदस्यनामावरून ओळखलं असेलच. सूर्यफुलाच्या बियांचं, तेल काढलेलं पीठ मिळालं, माणसांसाठीचंच. कुकीज केल्या, संध्याकाळी सोनेरी होत्या. सकाळी डबा उघडला तर मोडल्यावर आतून हिरव्यागार! बुरशी समजून सासूबाईंनी सगळा डबा टाकायला काढला. चव मात्र उत्तम होती. काय भानगड आहे ही?

टवाळ_कार्टं
फेकू नका! मुलांना 'डायनासोरची बिस्किटं' म्हणून द्या, पाच मिनिटांत फस्त.

प्रयोगवही
@हिरवी_कुकी, बुरशी नाही. सूर्यफुलाच्या बियांत क्लोरोजेनिक आम्ल भरपूर असतं. खायच्या सोड्याने पीठ अल्कधर्मी झालं की ते हवेतल्या ऑक्सिजनशी आणि प्रथिनांशी मिळून हिरवा रंग धरतं. सावकाश होतं, म्हणून रात्रभरात दिसलं. खायला काही धोका नाही. सोडा कमी करा, किंवा त्याच्या जोडीला लिंबाचा रस, ताक असं काहीतरी आंबट घाला, किंवा सोड्याऐवजी बेकिंग पावडर वापरा.

द्राक्षाच्या चोथ्याची पूड वापरणाऱ्यांनाही हाच इशारा. त्यातला जांभळा रंग आंबट पिठात लालसर राहतो, सोडा जास्त झाला की निळसर करडा पडतो. सिमेंटच्या रंगाचा केक कोणी विकत घेत नाही.

हिरवी_कुकी
सासूबाईंना हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. मान्य केलं नाहीये, पण डबा परत फडताळात गेलाय.

मातीशी_नातं
मला या सगळ्याकडे दुसऱ्या बाजूने बघायचंय. आपण म्हणतोय 'वाया जाणारं वाचवलं'. पण बियरचा चोथा, कोंडा, पेंड वाया कुठे जात होती? जनावरं खात होती. ती आपण काढून घेतली की त्यांच्यासाठी दुसरं काहीतरी पिकवावं लागणार. वर ओला माल वाळवायला इंधन जाळायचं. गाळात पाय अडकला म्हणून दुसरा पाय घालण्यातला प्रकार. 'पर्यावरणपूरक' म्हणण्याआधी हा हिशोब कोणी मांडतं का?

मळीचा_भुंगा
मुद्दा बिनतोड, पण सगळ्यांना एका दावणीला बांधू नका. पेंड आणि बियरचा चोथा प्रथिनांनी भरलेला, त्याला चाऱ्यात किंमत आहे. फळांच्या चोथ्याचं तसं नाही. प्रथिनं जेमतेम, पाणी भरपूर, आणि हंगामात दोन-तीन महिन्यांत डोंगर तयार होतो. तेवढं एकदम खाणार कोण? मग तो कारखान्यामागे सडत पडतो. पातळ व्हेचंही तसंच. एक किलो चीजमागे नऊ लिटरच्या आसपास पाणी निघतं. ते तसंच ओढ्यात सोडलं तर त्यातली साखर कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. ही दोन वापरली तर गायीचं काही बिघडत नाही.

मातीशी_नातं
फळांच्या चोथ्याचं पटलं. वाळवण्याच्या इंधनाचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

प्रयोगवही
त्याला सरसकट उत्तर नाही. कारखान्यातच वाया जाणारी उष्णता वापरून वाळवला तर गणित बसतं, लांब नेऊन वाळवला तर बहुधा नाही. ट्रकभर माल न्यायचा म्हणजे पाऊण ट्रक पाणीच वाहायचं. बेकरी शेजारी असेल तर ओलाच वापरणं उत्तम, पण त्याच दिवशी.

गच्चीतली_बाग
घरातलं चालेल का? बटाट्याच्या साली वाळवून पूड करून ब्रेडमध्ये घालायचं डोक्यात आहे. शिवाय अंड्याची कवचं.

प्रयोगवही
बटाट्याच्या सालींना माझा नकार. सोलानिन जातीची विषारी द्रव्यं सालीत आणि कोंबांत जास्त असतात, हिरव्या सालीत तर फारच. भाजून ती जात नाहीत, आणि वाळवल्यावर उलट चमच्यामागे प्रमाण वाढतं.

अंड्याचं कवच म्हणजे जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट. एका ग्रॅममध्ये पावणेचारशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. आतला पापुद्रा काढा, कवचं चांगली उकळा, वाळवा आणि पिठासारखं बारीक दळा. जाड राहिलं तर दाताखाली वाळू. आंबवलेल्या पावात घातलं तर आंबटपणा मारतं. पाव-अर्ध्या चमच्यापुढे जाऊ नका, कॅल्शियम जास्त झालेलंही चांगलं नाही.

शंकासूर
कोणी अॅक्रिलामाइडचा, म्हणजे जास्त भाजताना-तळताना तयार होणाऱ्या घातक मानल्या जाणाऱ्या द्रव्याचा, विषय काढला नाही म्हणून काढतो. २००२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी भाजलेल्या-तळलेल्या पदार्थांत ते दाखवलं. ते ज्यापासून बनतं ते अॅस्परजिन हे अमिनो आम्ल कोंड्यात आणि अंकुरात जास्त, म्हणजे 'हेल्दी' कोंड्याच्या बिस्किटात मैद्याच्या बिस्किटापेक्षा ते जास्त तयार होऊ शकतं. यावर काय म्हणणं?

भट्टीवाला
म्हणणं हे की करपवू नका. :) सोनेरी झालं की बाहेर. आणि पावात यीस्टला पुरेसा वेळ द्या, आंबताना यीस्ट अॅस्परजिन खाऊन टाकतं. घाईघाईत तासाभरात फुगवलेल्या पावात तो फायदा मिळत नाही. लांब आंबवण्याचा दुसराही फायदा आहे. कोंड्यातलं फायटिक आम्ल लोह आणि जस्त बांधून ठेवतं. आंबट खमिरात ते फुटतं आणि लोह मोकळं होतं. म्हणजे कोंडा घातला आणि आंबवलं नाही, तर लोह आहे पण अंगी लागत नाही.

शंकासूर
हे उत्तर आवडलं. मफिनला मात्र लागू नाही, तिथे यीस्टच नाही.

भट्टीवाला
बरोबर. म्हणून मफिनमध्ये कोंड्यापेक्षा फळाचा चोथा बरा.

सायलीताई, चर्चा चौफेर उधळली, तुमच्या प्रश्नाचं राहूनच गेलं. माझ्या मते असं करा. सफरचंदाची पूड मैद्याच्या ५ ते ८ टक्के. पुडीच्या अडीच-तीनपट दुधात अर्धा तास भिजवा, आणि हे दूध मूळ कृतीतल्या दुधाच्या वर धरा. पूड स्वतःच गोड आहे, साखर थोडी कमी करता येईल. शंकासुरांचा निम्मा आक्षेप तिथेच मिटतो. तेलही थोडं कमी चालतं, पेक्टिनमुळे कोरडं पडत नाही. पूड चाळून घ्या. कारखान्याच्या चोथ्यात बियाही येतात आणि सफरचंदाच्या बीमध्ये अमिग्डालिन असतं, त्यातून सायनाइड सुटतं. थोड्याने काही होत नाही, पण दळून रोज विकायच्या मालात कशाला?

कुकीज आणि क्रॅकर्सना फुगायचंच नसतं, तिथे १५-२० टक्के बिनधास्त. ओकारा, बियरचा चोथा तिथेच शोभतो. ब्रेडमध्ये पाण्याऐवजी व्हे वापरून बघा. ब्रेडच्या यीस्टला त्यातली दुधाची साखर खाता येत नाही, ती तशीच उरते आणि वरचं आवरण सुंदर लाल होतं. पण व्हे आधी उकळून थंड करा. न उकळलेल्या व्हेमधली प्रथिनं पाव नीट फुगू देत नाहीत.

सायली_ओव्हनवाली
भट्टीवाले, हा प्रतिसाद छापून ओव्हनवर चिकटवलाय. प्रयोगवही, पूड आणून देणाऱ्याला विचारलं की माल माणसांसाठी म्हणून वाळवलाय का. तो म्हणाला, "बघून सांगतो." तोवर पाकीट बंद. आणि शंकासूर, लेबलवर 'हेल्दी' लिहिणार नाही, 'सफरचंदाच्या चोथ्यासह' एवढंच लिहिते. चालेल?

शंकासूर
चालेल. 'फायबरयुक्त' लिहायचा मोह झाला तर आधी मोजा. कोडेक्सप्रमाणे, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांप्रमाणे, १०० ग्रॅममागे किमान ३ ग्रॅम असेल तरच 'फायबरचा स्रोत' म्हणता येतं, 'भरपूर' म्हणायला ६. तुमच्याकडचे नियमही बघून घ्या.

नवशिका_बेकर
घरी रस काढल्यावरचा गाजर-सफरचंदाचा चोथा ओव्हनमध्ये वाळवायचा तर किती तापमान?

प्रयोगवही
६० ते ७० अंश, अगदी पातळ थर, दार किंचित उघडं ठेवून. मधून मधून उलटा. बोटात चुरला तर कुडकुडीत तुटला पाहिजे. वाकला तर अजून ओल आहे, डब्यात बुरशी येईल. सफरचंद किसायच्या आधी बिया काढा.

टवाळ_कार्टं
आणि काढलेल्या बियांचं काय करायचं? नवीन धागा काढू का?